बिऱ्हाड आणि रोजनिशी

बिऱ्हाड हलले म्हणजे कात्री हरवते, किल्ल्या हरवतात आणि रोजनिशीही हरवते. कात्री दुसऱ्या दिवशी सापडते, किल्ल्या आठवड्याने सापडतात. रोजनिशी मात्र डोळ्यांसमोर असूनही महिनेच्या महिने सापडत नाही. बदलीच्या नोकरीत ज्यांचा संसार गावोगाव फिरला, त्यांना हा अनुभव नवा नाही. पत्राला उत्तर मागणारा कोणी तरी असतो. हिशेबाची वही महिनाअखेर आपण होऊन हाक मारते. खासगी लेखनाची वाट पाहणारे मात्र कोणीच नसते. शिवाय मधल्या कोऱ्या दिवसांचे देणे रोज वाढत जाते, आणि देणेकरी जसा सावकाराचे दार चुकवितो, तसा माणूस स्वतःची वही चुकवू लागतो.

ह्या संदर्भात इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फ हिची हकीगत विचार करण्यासारखी आहे. १९१५ च्या जानेवारीत ती व तिचे पती लेनर्ड लंडनजवळच्या रिचमंड येथे भाड्याच्या खोल्यांत राहत होती. वर्षारंभी तिने रोजनिशी सुरू केली. २५ जानेवारीला, आपल्या तेहतिसाव्या वाढदिवशी, दोघांनी तीन बेत केले: होगार्थ हाऊस नावाचे घर घ्यावयाचे, एक छापयंत्र विकत घ्यावयाचे आणि एक कुत्रा पाळावयाचा. परंतु १५ फेब्रुवारीनंतर वहीची पाने कोरी राहिली. तिच्या मनाचे जुने दुखणे उसळले, आणि मार्चमध्ये नव्या घरात सामान जाऊन पडले, तेव्हा घरची मालकीण शुश्रूषागृहात होती. पुढे कित्येक महिने वैद्यांनी तिच्या लेखनावर बंधने घातली. रोजनिशी जी थांबली, ती सुमारे अडीच वर्षे.

ती पुन्हा सुरू कशी झाली, हे पाहण्याजोगे आहे. १९१७ च्या ऑगस्टमध्ये ससेक्स परगण्यातील ॲशम नावाच्या घरी ती उन्हाळ्यासाठी राहावयास गेली. तेथे एका लहानशा वहीत तिने दिवसाला चारदोन ओळी टिपण्यास आरंभ केला. आज हवा कशी होती, रानात भूछत्रे किती मिळाली, कोणते फुलपाखरू दिसले, शेतावर जर्मन युद्धकैदी काम करीत होते, एवढाच मजकूर. गेल्या अडीच वर्षांचा जमाखर्च त्यात नाही. मनाच्या यातनांविषयी जवळजवळ चकार शब्द नाही. जे डोळ्यांपुढे होते, तेवढेच कागदावर उतरले.

ऑक्टोबरमध्ये ती रिचमंडला परतली. तेथे कपाटातील एका लाकडी पेटीत १९१५ ची ती अर्धवट वही सापडली. ती वाचताना त्या उभयतांना अजूनही हसू आले, आणि ८ ऑक्टोबर १९१७ रोजी तिने नवी वही उघडली. नियम ठरविला तो साधा: चहानंतर लिहावयाचे आणि भीडभाड न ठेवता लिहावयाचे. सांगण्यासारखे काही असेल तेव्हा आपणही एखादे पान लिहू, असे लेनर्डनी कबूल केले. छापयंत्र तोवर घरात आलेच होते. मोठ्या वहीबरोबर ॲशमची ती छोटी वहीही, तेथे जाणे होई तेव्हा, चालूच राहिली.

त्यानंतर घरे पुष्कळ बदलली, पण रोजनिशीने तिची साथ सोडली नाही. १९४० च्या सप्टेंबरात बॉम्बवर्षावात तिच्या लंडनच्या घराची दुर्दशा झाली, तेव्हा त्या पडझडीतून तिने आपल्या रोजनिशीच्या चोवीस वह्या काढून आणल्या. ससेक्समधील रॉडमेल गावच्या घरी ती लिहीत राहिली. शेवटची नोंद २४ मार्च १९४१ ची आहे. त्यानंतर चार दिवसांनी तिने स्वतःचे जीवन संपविले. तेव्हा लेखनाने सर्व दुःखे बरी होतात, असे ह्या कथेवरून कोणी म्हणू नये. लेखन हे औषध नव्हे. तथापि जी चोवीस वर्षे तिला लाभली, ती तिच्या वह्यांत जिवंत राहिली; १९७७ ते १९८४ ह्या काळात पाच खंडांत त्या प्रसिद्धही झाल्या. ॲशमच्या त्या चारदोन ओळी नसत्या, तर त्या खंडांचा मार्ग मोकळा झाला असता की नाही, कोण सांगेल?

नव्या घरात लेखनाकडे परतणाऱ्याची चूक बहुधा एकच होते. सामान लागल्यावर, टेबल खिडकीशी आल्यावर, मधल्या काळाची सविस्तर हकीगत लिहून मगच पुढे जाऊ, असे तो ठरवितो. सामान कधी पुरते लागत नाही आणि ती हकीगतही लिहून होत नाही. गेलेले दिवस कोरेच राहू द्यावेत; ते देणे फेडावयाचे नसते. आजची तारीख घालावी आणि नव्या अंगणात सकाळी कोणता पक्षी ओरडला, भाजीवाल्याने काय भाव सांगितला, एवढे लिहावे. जुनी वही हाती लागली तर ती लाजेने मिटून न ठेवता वाचावी. एखाद्या पानावर हसू आले, म्हणजे पुढचे पान लिहावयास हरकत नाही.