बायकांच्या नावानं लढलेलं युद्ध

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)

‘युद्ध आणि स्त्रिया’ हा विषय निघाला की आपण बहुधा फाळणीबद्दल नाहीतर महायुद्धांबद्दल बोलतो. आज मी जरा लांबचं उदाहरण घेणार आहे. १८९८ साली अमेरिकेनं समुद्रापार, क्यूबात आणि फिलिपाइन्समध्ये, स्पेनच्या साम्राज्याविरुद्ध युद्ध केलं. पुस्तकांत ते काही महिन्यांचं, सोपं, जिंकलेलं युद्ध म्हणून येतं. त्यात कोण कोण मेलं आणि कशानं मेलं, एवढंच आज पाहू.

सुरुवात क्यूबापासून करते. १८९५ मध्ये तिथल्या लोकांनी स्वातंत्र्याचा लढा सुरू केला. लढणाऱ्यांना खेड्यांतून अन्न मिळतं, आसरा मिळतो, म्हणून स्पॅनिश सेनापती वेलर यानं १८९६ मध्ये हुकूम काढला, की आठ दिवसांत खेडी सोडा आणि लष्कराच्या पहाऱ्यातल्या गावांत या. पुरुष बरेचसे लढ्यात होते. त्यामुळे आल्या त्या मुख्यतः बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. शेतं जाळली गेली होती. छावणीत ना काम, ना धान्य, ना औषध. उपासमारीनं आणि रोगराईनं किमान एक लाख माणसं मेली. काही अभ्यासक दीड लाखाच्या वरचा आकडा सांगतात. क्यूबाची लोकसंख्या तेव्हा होती जेमतेम सोळा-सतरा लाख.

ही बातमी अमेरिकेत पोचली, पण कशी पोचली ते ऐका. १८९७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या वर्तमानपत्रानं चित्र छापलं. बोटीवर एक क्यूबन तरुणी विवस्त्र उभी आहे आणि स्पॅनिश पुरुष अधिकारी तिची झडती घेताहेत. नंतर उघड झालं, की झडती बायकांनीच घेतली होती. त्याच वर्षी त्याच पत्रानं हवानाच्या तुरुंगातल्या एव्हांजेलिना सिस्नेरोस या तरुणीला आपला बातमीदार पाठवून पळवून आणलं आणि न्यूयॉर्कमध्ये तिचा जाहीर सत्कार केला. स्वतः लढ्यात असलेली ही मुलगी वाचकांपुढे आली ती ‘संकटात सापडलेली सुंदर अबला’ म्हणून. छावणीत उपाशी मरणाऱ्या हजारो बायकांना असा चेहरा मिळाला नाही. अब्रूच्या गोष्टीवर माणसं पेटून उठतात, भुकेच्या गोष्टीवर तितकी उठत नाहीत, हा अनुभव आपल्यालाही आहे.

शत्रूच्या बाजूलाही बायका होत्याच. स्पेननं क्यूबात दोन लाखांच्या आसपास सैनिक पाठवले. दोन हजार पेसेटा भरले की मुलाची सुटका व्हायची. म्हणजे गेली ती गरिबांचीच मुलं. त्यांच्यातले जे मेले ते बहुतेक पीतज्वर, हिवताप, हगवण यांनी मेले. १ ऑगस्ट १८९६ रोजी सारागोसा शहरात बायका रस्त्यावर उतरल्या. क्यूबाला आणखी मुलं पाठवू नका, आणि पाठवायचीच तर श्रीमंतांचीही पाठवा, अशी त्यांची मागणी होती. या मोर्चाबद्दल शाळेत कुणी शिकवत नाही.

मग फेब्रुवारी १८९८ मध्ये हवानाच्या बंदरात ‘मेन’ ही अमेरिकन युद्धनौका स्फोटात बुडाली. अडीचशेहून अधिक खलाशी मेले. दोष स्पेनवर आला आणि एप्रिलमध्ये युद्ध सुरू झालं. १९७६ मध्ये अमेरिकेच्याच नौदलातल्या एका अ‍ॅडमिरलनं करवलेल्या अभ्यासात निघालं, की स्फोट बहुधा जहाजाच्या आतच, कोळशाला लागलेल्या आगीमुळे झाला असावा. ३ जुलैला सांतियागोच्या समुद्रात स्पेनचं आरमार नष्ट झालं. तिथे अमेरिकेचा एक खलाशी मेला, स्पेनचे तीनशेहून अधिक.

अमेरिकेचे सैनिक लढाईत मेले ते चारशेच्या आत. रोगांनी मात्र दोन हजारांच्या आसपास मेले आणि त्यातले कितीतरी जण क्यूबाला पोचलेच नव्हते. मायदेशातल्या तळांवर उघडे संडास, माश्या आणि विषमज्वर. नंतरच्या चौकशीत ९२ पलटणींमध्ये विषमज्वराचे वीस हजारांहून अधिक रुग्ण आणि दीड हजारांहून अधिक मृत्यू मोजले गेले.

तेव्हा कुठे लष्कराला बायकांची आठवण झाली. पंधराशेहून अधिक परिचारिका नेमल्या, त्या कंत्राटावर. महिना तीस डॉलर, हुद्दा नाही. काळ्या बायकांना पीतज्वर होत नाही अशी एक चुकीची समजूत होती. त्या आधारावर काळ्या परिचारिकाही खास भरती केल्या गेल्या. क्लारा मास ही त्या कंत्राटी परिचारिकांपैकी एक. क्यूबात आणि फिलिपाइन्समध्ये काम करून ती हवानाला परतली आणि १९०१ मध्ये पीतज्वराच्या प्रयोगासाठी शंभर डॉलर घेऊन स्वतःला डास चावून घेतले. २४ ऑगस्टला ती मेली. वय वर्षं पंचवीस. त्यानंतर माणसांवरचे ते प्रयोग थांबले. त्यागाची मूर्ती म्हणून तिचा गौरव होतो. मला मात्र तो शंभर डॉलरचा आकडा विसरता येत नाही.

डिसेंबर १८९८ मध्ये पॅरिसला तह झाला. क्यूबाचे आणि फिलिपाइन्सचे प्रतिनिधी त्या टेबलाशी नव्हतेच. अमेरिकेनं स्पेनला दोन कोटी डॉलर दिले आणि फिलिपाइन्स आपल्या ताब्यात घेतलं. फेब्रुवारी १८९९ मध्ये तिथल्या स्वातंत्र्यसैनिकांशी नवं युद्ध सुरू झालं. आणि डिसेंबर १९०१ मध्ये बातांगास प्रांतात जनरल बेल यानं कोणता हुकूम काढला? खेडी सोडा, लष्कराच्या पहाऱ्यातल्या गावांत या. बाहेर सापडेल ते धान्य, गुरं, घरं जप्त किंवा नष्ट. ज्या छावण्यांच्या संतापातून क्यूबात सैन्य गेलं, त्याच छावण्या तीन वर्षांत त्याच सैन्यानं उभ्या केल्या. या युद्धात फिलिपाइन्सचे किमान दोन लाख सामान्य नागरिक लढाई, भूक आणि पटकीनं मेले, असं मानलं जातं.

विरोध करणारेही होते. समाजकार्याच्या अभ्यासात आपण जेन अ‍ॅडम्स हे नाव ऐकतो, ती शिकागोच्या गरीब वस्तीत हल हाउस काढणारी. मुंबईचं नागपाडा नेबरहूड हाउस त्याच वळणाचं, आणि त्याचे क्लिफर्ड मॅनशार्ट हेच १९३६ मध्ये सुरू झालेल्या आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे पहिले संचालक. जेन अ‍ॅडम्स एप्रिल १८९९ मध्ये युद्धविरोधी सभेत बोलली. तिनं आपल्या वस्तीतल्या मुलांबद्दल सांगितलं. ती रस्त्यावर युद्ध-युद्ध खेळत होती, पण खेळात क्यूबाला मुक्त करणं नव्हतं, स्पॅनिश माणसांना मारणं होतं. वस्तीतली हिंसाही वाढल्याचं तिला दिसत होतं.

मैत्रिणींनो, हे जुनं झालेलं नाही. २००१ मध्ये अफगाणिस्तानवर हल्ला झाला तेव्हाही तिथल्या बायकांची मुक्ती पुढे केली गेली. २०२१ मध्ये सैन्य परत गेलं आणि मुलींच्या माध्यमिक शाळा पुन्हा बंद झाल्या. दोन्ही निर्णय घेताना त्या बायकांना विचारलं कुणी?

आपल्याकडे सत्यशोधन समित्या जातात, मदत-छावण्या लागतात. तिथे आपण बलात्काराच्या आणि खुनाच्या नोंदी घेतो, घेतल्याच पाहिजेत. पण त्याच वहीत पाणी किती लांब आहे, संडास किती आहेत, बाळंतिणीला काय मिळतं, तापानं कोण गेलं, सेवा करणाऱ्या बाईला पगार किती, हेही लिहायला हवं. सरकारी आकड्यांत ही माणसं ‘मृत’ असतात, ‘मारलेली’ नसतात, आणि मग जबाबदार कुणीच राहत नाही. आणि कुणी आपल्या नावानं युद्धाची घोषणा केली, तर वाटाघाटीच्या टेबलाशी आपल्यापैकी कोण बसणार, हे आधी विचारू या.

आता तुम्ही बोला. तुमच्या-तुमच्या भागातल्या छावण्यांचा अनुभव ऐकायला मला आवडेल.