थोडंच पाणी, पाकीट घट्ट



मुरगूडमध्ये पावसाची झड लागली,
की घरातली कोरी पाकिटं आपोआप चिकटतात.
वेदगंगेकाठची दमट हवाच तेवढी असते!
पाकिटं पत्र्याच्या डब्यात ठेवा.

असं का होतं?
पाकिटाच्या दुमडीवर गोंद लावून वाळवलेला असतो.
ओल लागली, की तो पुन्हा विरघळतो…
कागदाच्या तंतूंत शिरतो…
आणि वाळताना दोन्ही कागद धरून ठेवतो.

हा गोंद कशाचा?
पूर्वी बाभळीच्या कुळातल्या झाडांचा डिंक वापरत.
पुढे डेक्स्ट्रिन आलं.
म्हणजे मक्याचं किंवा बटाट्याचं स्टार्च
भाजून केलेला चिकट पदार्थ.
आपली घरची खळ त्याचीच गरीब बहीण.

आता मुख्य गोष्ट.
पाणी थोडंच लावा.
पुन्हा सांगते… थोडंच.
जास्त पाण्यानं गोंद वाहून जातो.
जिभेपेक्षा ओला स्पंज बरा.
मग दुमड बोटानं दाबून धरा.

काही नव्या पाकिटांच्या गोंदावर पट्टी असते.
ती सोलायची, दाबायचं. पाणी नको.

मौल्यवान टपालावर मात्र
लाखेची मोहोर लावायची जुनी पद्धत आहे.
गोंद वाफेनं गुपचूप सुटतो.
लाखेची मोहोर फोडली,
तर ते लगेच दिसतं.