डोक्शाचा फोटू

सोयाबीन विकलं की आमच्या ओपीडीत गर्दी वाढते. परवा दर्यापूरकडचे एक काका पोराला घेऊन अकोल्याला आले. दोन महिने झाले, पोराला झोप नाही, वावरात पाय टाकत नाही. काका म्हणाले, "साहेब, याच्या डोक्शाचा फोटू काहाडा. काय बिघडलं थे तं समजन."

डोक्याचा फोटो निघतो, यात शंका नाही. कर्ण्यापुढे बसलेला कुत्रा आठवतो? त्या 'हिज मास्टर्स व्हॉइस'च्या तबकड्या विकणारी कंपनी ईएमआय. तिथल्याच गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंजिनिअरने सीटी स्कॅनचं यंत्र घडवलं. १९७१च्या ऑक्टोबरात, कवटी न उघडता, एका रुग्णाचा मेंदू पहिल्यांदा असा पाहता आला.

मनोविकारांकडे हे यंत्र वळवलं डॉ. ईव्ह जॉन्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९७६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात त्यांनी स्किझोफ्रेनियाचे १७ जुने रुग्ण तपासले. मेंदूत पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. या रुग्णांत त्या सरासरीने मोठ्या निघाल्या. आपल्याकडे अशा आजाराला करणी म्हणत. तिकडे आईच्या वागण्यावर खापर फोडणारे डॉक्टरही होते. त्या १७ स्कॅननी दोन्ही समजुतींना धक्का दिला. पुढे एडिनबर्गमध्ये, ज्यांच्या घरात हा आजार आहे अशा तरुणांचा मागोवा जॉन्स्टनबाई वर्षानुवर्षं घेत राहिल्या.

मग काकांना मी फोटो का नाही दिला? 'सरासरीने' या शब्दामुळे. तालुक्याने पावसाची सरासरी गाठली, म्हणून तुमच्या वावरात पाऊस पडलाच असं असतं का? मेंदूच्या चित्रांचंही तसंच. गाठ, रक्तस्राव, झटके यांचा संशय असेल तर स्कॅन हवाच. पण एखाद्या माणसाचं नैराश्य अजून कोणत्याही स्कॅनवरून ठरवता येत नाही. ते विचारूनच कळतं. झोप कशी आहे, भूक लागते का, कशात मन लागतं का, जीव नकोसा होतो का? गेल्या दोन आठवड्यांबद्दल असे नऊ प्रश्न जगभर विचारतात.

काकांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि दार लोटलं. पहिल्या चार प्रश्नांना पोराने नुसती मान हलवली. पाचव्याला बोलू लागला, तो अर्धा तास थांबला नाही.

विचारण्याने काय होतं, हे अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांनी दाखवलंय. 'विश्राम' या उपक्रमात गावपातळीवरचे कार्यकर्ते लोकांशी ताणाबद्दल बोलू लागले. आधी नैराश्य असलेल्या शंभरांतले जेमतेम चार जण मदत घेत. दीड वर्षाने सत्तावीस घेऊ लागले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त छापून आले.

तुमच्या घरात कोणी गप्प झालं असेल, तर आज रात्री जेवताना त्याला झोपेबद्दल विचारा. आणि 'टेलिमानस' या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा मोफत नंबर लिहून घ्या: १४४१६. पुन्हा सांगतो, एक-चार-चार-एक-सहा.