सई परांजपे यांचा सिनेमा आणि आमची बैठक

मागच्या वेळी आपण ठरावबही कशी लिहायची ते बोललो होतो. आज सिनेमाविषयी बोलायचं आहे. गटाच्या कार्यक्रमात सिनेमा कुठून आला, असं काहींना वाटेल. पण ठरावबहीतूनच आम्ही सिनेमाकडे गेलो, ते कसं ते पुढे सांगतो.

सई परांजपे हे नाव तुमच्यातल्या थोड्याच जणींनी ऐकलं असेल. पण त्यांचे सिनेमे टीव्हीवर लागतात तेव्हा आपण बघितलेले असतात. ‘चश्मे बद्दूर’, ‘कथा’. लिहिणारी आणि दिग्दर्शन करणारी एकच बाई. गोष्ट त्यांची, संवाद त्यांचे आणि कॅमेऱ्यामागे उभ्याही त्याच. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी हे काम करणाऱ्या बाया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि विनोदी सिनेमा करणारी तर विरळाच.

सईताईंचा जन्म 1938 सालचा, लखनौचा. वडील रशियन, आई शकुंतला परांजपे. या आईविषयी चार शब्द बोलायलाच हवेत. शकुंतलाबाईंनी कुटुंबनियोजनाचं काम केलं, तेही अशा काळात, जेव्हा हा शब्द चारचौघांत उच्चारायची लाज वाटायची. व्ही. शांताराम यांच्या ‘कुंकू’मध्ये त्यांनी कामही केलं होतं. आजोबा रँग्लर परांजपे, गणितातले मोठे विद्वान. सईताईंचं पहिलं पुस्तक ‘मुलांचा मेवा’ छापून आलं तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या.

आता खरं बोलायचं तर, असं घर सगळ्यांना मिळत नाही. आमच्या बचत गटातल्या एक काकू हे ऐकून म्हणाल्या, “आठव्या वर्षी आम्ही शेळ्या राखत होतो गं.” बरोबरच आहे. पण घर मोठं असलं म्हणून माणसाला हसवता येतंच असं नाही. ते ज्याचं त्याला शिकावं लागतं.

सईताई ते कुठे शिकल्या? एक जागा म्हणजे रेडिओ. पुणे आकाशवाणीवर त्या निवेदक होत्या, मुलांचे कार्यक्रम करायच्या. आज आम्ही या छोट्याशा खोलीत माइकसमोर बसलो आहोत, भिंतीला आवाज घुमू नये म्हणून गोधड्या टांगल्या आहेत, तेव्हा ही गोष्ट सांगताना जरा बरं वाटतं. रेडिओवर चेहरा दिसत नाही. सगळं बोलण्यातच आणावं लागतं. त्यांच्या सिनेमातली माणसं इतकी छान बोलतात ती उगाच नाही. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात त्यांनी शिक्षण घेतलं, 1963 साली तिथून बाहेर पडल्या. मग नाटकं, मग दिल्ली दूरदर्शन, मग मुलांचे सिनेमे. मोठा सिनेमा हातात आला तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती.

तो पहिला मोठा सिनेमा ‘स्पर्श’. अंधशाळेचे मुख्याध्यापक स्वतः अंध, आणि त्यांना कुणी कीव केलेली चालत नाही. हा काही विनोदी सिनेमा नाही, पण त्यातली अंध मुलं एकमेकांची थट्टा करतात आणि आपल्यालाही हसू येतं. पटकथेसाठी सईताईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण सिनेमा तयार असूनही लोकांसमोर यायला फार रखडला. पुरस्कार कपाटात आणि सिनेमा डब्यात.

मग 1981 साली ‘चश्मे बद्दूर’ आला. तो काळ अमिताभ बच्चनच्या मारामारीचा. या सिनेमात काय, तर दिल्लीत एका खोलीत राहणारे तीन पोरं, त्यांची पानाच्या टपरीवरची उधारी आणि एक मुलगी. दोघं थापाडे येऊन फुशारक्या मारतात की आम्ही त्या मुलीला पटवलं, आणि तिसरा साधा, तो खरोखर तिच्या प्रेमात पडतो. ती मुलगी गाणं शिकते आणि दारोदार जाऊन ‘चमको’ नावाची कपडे धुण्याची पावडर विकते. दार वाजवायचं, पाणी मागायचं, पावडर टाकायची, फेस काढायचा, कपडा धुऊन दाखवायचा. मैत्रिणींनो, आपल्यातल्या कितीजणींनी फिनाईल आणि पावडर अशीच विकली आहे! समोरचा नुसता बघत बसतो आणि विकत काहीच घेत नाही, तेही आपल्या ओळखीचं. त्या मुलीला सईताईंनी बिच्चारी केलेलं नाही. ती ताठ मानेनं माल विकते. हा सिनेमा आम्हाला आवडतो तो त्यासाठी.

आता ‘कथा’. 1983 सालचा सिनेमा. श्री. ग. साठ्ये यांच्या ‘ससा आणि कासव’ या नाटकावरून सईताईंनी तो लिहिला. चाळीतली गोष्ट. राजाराम जोशी म्हणजे कासव. कारकून, सरळ, कुणीही काम सांगावं आणि त्यानं ते करावं. समोरच्या संध्यावर त्याचं प्रेम, पण तोंडातून शब्द फुटत नाही. त्याच्याकडे एक जुना मित्र येऊन राहतो, बाशू. हा ससा. गोड बोलणारा, थापा मारणारा. राजारामचे कपडे घालतो, राजारामच्या जिवावर खातो, चाळीतल्या म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना खिशात घालतो. साहेबाला गुंडाळतो आणि संध्यालाही. लग्न ठरतं आणि ऐनवेळी बाशू पसार.

हा सिनेमा आम्ही गटात दाखवला. शाळेतल्या गुरुजींनी प्रोजेक्टर दिला, समाजमंदिराच्या भिंतीवर पांढरी चादर लावली, रात्री साडेआठला सगळ्या जेवणं उरकून आल्या. पोरं मांडीवर.

तो दाखवण्यामागे कारण होतं. तीन महिन्यांपूर्वी आमच्या गावात एक माणूस आला होता. अगरबत्तीचा कच्चा माल देतो, तयार माल परत घेतो, फक्त अनामत भरा, प्रत्येकी 1,500 रुपये. चौदा जणींनी भरले. 21,000 रुपये. किती गोड बोलायचा तो! प्रत्येकीला ‘ताई’, सासूबाईंना ‘आई’, चहाला कधी नाही म्हणाला नाही. पहिल्या आठवड्यात दोन पोती माल आला. नंतर फोन बंद. आणि ठरावावर पहिली सही आमची होती, समन्वयक म्हणून. बायकांनी आम्हाला तोंडावर काही म्हटलं नाही, तेच जास्त लागायचं. बैठकीला संख्या कमी झाली. एकीच्या नवऱ्यानं तिची बचतच बंद केली. ज्या घरात तो माणूस आधी उतरला होता, त्या वहिनीकडे तर लोक वाकडं बघायला लागले. तो विषय कुणी काढत नव्हतं. आम्हीसुद्धा नाही.

सिनेमा सुरू झाला. बाशू चाळीत शिरला, गोड बोलायला लागला, आणि मागून कुणीतरी म्हणालं, “अगं, हा तर आपला अगरबत्तीवाला!” क्षणभर शांतता. मग जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. बाशूनं नवी थाप मारली की हसू. बाशूनं कुणाकडे चहा घेतला की हसू. ती वहिनीपण हसत होती, पदर तोंडाला लावून. डोळ्यांत पाणीही होतं तिच्या, ते आम्ही पाहिलं.

संध्या फसते तिथे मात्र कुणी हसलं नाही. मग राजाराम तिचा हात धरतो, आणि सिनेमा संपतो. चादर काढायला आम्ही उठलो तर बायका उठेनात. एक आजी म्हणाल्या, “अन् तो बाशू? सुटलाच की!” त्यावर वाद लागला. काहींचं म्हणणं, सिनेमाच चुकला, त्याला पोलिसात द्यायला हवं होतं. एक सून म्हणाली, खऱ्या जगात बाशू सुटतोच, त्या बाईनं खरं तेच दाखवलंय. आम्हाला वाटतं, सईताईंनी बाशूला शिक्षा केली असती तर आम्ही टाळ्या वाजवून घरी गेलो असतो. तो सुटला म्हणून आम्ही रात्री साडेअकरापर्यंत बसलो. आणि बाशूविषयी बोलता बोलता आपल्या 21,000 रुपयांविषयी बोललो, पहिल्यांदा. आम्ही सगळ्यांसमोर सांगितलं की सही करताना त्या माणसाचा पत्तासुद्धा तपासला नव्हता. चूक आमची. एक काकू म्हणाल्या, “तुझी एकटीची कशी? चहा आम्ही पाजला.”

सईताईंनी पुढे बरंच काही केलं. दूरदर्शनवर ‘अडोस पडोस’ मालिका केली, ‘जास्वंदी’सारखी नाटकं लिहिली. आपल्या वारणानगरच्या मुलांच्या वाद्यवृंदावर माहितीपट केला. आणि 1990 साली ‘दिशा’. तो एकदा मिळवून बघाच. बाकुरी नावाचं कोरडं गाव, पुरुष मुंबईला गिरणीत, तिथे एका खोलीत दाटीवाटीनं राहणारी माणसं. गावात एक माणूस वर्षानुवर्षं विहीर खणतोय, लोक त्याला वेडा म्हणतात. आणि बाया विड्या वळून कमवायला लागतात, तेव्हा घरातल्या गड्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. त्यातही हसू आहे, पण ‘कथा’सारखं खळखळून नाही. दुष्काळी गावातल्या माणसाला ते जरा घशात अडकतं.

2006 साली त्यांना पद्मभूषण मिळालं. 2013 मध्ये ‘चश्मे बद्दूर’ दुसऱ्यांनी नव्यानं काढला, आणि त्याच दिवशी जुनाही पुन्हा थिएटरात लागला. बत्तीस वर्षांनी! ‘सय’ नावाचं त्यांचं आत्मकथन मराठीत आहे, तालुक्याच्या वाचनालयात मागून बघा. नसेल तर मागणीच्या वहीत लिहून या.

त्या रात्रीनंतर चौदा जणींच्या सह्यांचा अर्ज पोलीस ठाण्यात दिला. पोच घेतली आहे, ती ठरावबहीत चिकटवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत. बचत बंद केलेली आमची मैत्रीण परत यायला लागली आहे, नवऱ्याला न सांगता नाही, सांगून. आणि येत्या पौर्णिमेला ‘चश्मे बद्दूर’ लावणार आहोत. येताना प्रत्येकीनं बसायला आपापलं पोतं आणायचं आहे, आणि आपल्या गटाची पावडर विकायला मांडायची असेल तर आठ वाजताच या.