घरातला बिल्ला आणि त्याची हकिगत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा भाषण साधेच होणार. विषय मात्र मी मागून घेतला आहे. गेली चार वर्षे मी ओळखीच्या घरांतून सैनिकांच्या वस्तूंची नोंद करीत आहे. कोणाकडे पदक, ज्याला आपण गावाकडे बिल्ला म्हणतो. कोणाकडे पत्रे, पेन्शनचे कागद, पलटणीतला फोटो, लोखंडी ट्रंक. वस्तू ज्यांची त्यांच्याच घरी राहते, माझ्या वहीत फक्त तिची हकिगत येते.

हकिगत कशाला हवी, असे कोणी विचारील. संगमनेर तालुक्यातील निमज गावचे नामदेव जाधव मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई होते. 9 एप्रिल 1945 रोजी इटलीत सेनियो नदीवर त्यांनी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून, उभ्या काठावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप मागे आणले. मग शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या. हाताला जखम झाली तेव्हा हातबॉम्ब फेकले, आणि शेवटी काठावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना केली व मागच्या तुकड्यांना पुढे बोलावले. ती गर्जना म्हणजे आपल्या क्रांती चौकात ज्यांचा अश्वारूढ पुतळा आहे, त्या छत्रपतींचा जयजयकार! त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या पदकाच्या मागे नाव, पलटण आणि पराक्रमाची तारीख कोरलेली असते. खोल पाणी आणि पाठीवरचा सोबती पदकावर दिसत नाहीत. ते कोणीतरी सांगावे लागते.

माणगाव तालुक्यातील यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीतच धारातीर्थी पडले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मरणोत्तर. ज्यांची कबर सापडत नाही अशांसाठी कॅसिनो येथे स्मारक आहे, त्यावर त्यांचे नाव आहे. अशा घरात माणूस परत येत नाही, वस्तूच तेवढी येते. ती जपते कोण? घरातली बाईच.

परमवीर चक्राचे चित्रही एका बाईनेच रेखाटले, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसेल. सावित्रीबाई खानोलकर जन्माने स्वित्झर्लंडच्या, पण लग्न करून मराठी लष्करी घराच्या सून झाल्या. दधीची ऋषींच्या अस्थींपासून झालेले इंद्राचे वज्र त्यांनी त्या पदकावर घातले. हे पदक 26 जानेवारी 1950 रोजी सुरू झाले. एप्रिल 1948 मध्ये नौशेरा-राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग काढणारे रामा राघोबा राणे हे त्याचे पहिले हयात मानकरी. त्यांच्या पत्नी राजेश्वरीबाईंनी ती पदके सांभाळली आणि 2021 साली पुण्यात लष्कराच्या स्वाधीन केली, म्हणजे पुढच्या सैनिकांना ती पाहता येतील.

याच्या उलट प्रकारही होतो. आमच्या ओळखीच्या एका आजींकडे एक व्यापारी आला. सासऱ्यांची पदके तेवढी मागितली. पत्रे नकोत म्हणाला. आजी म्हणाल्या, “पत्रे नकोत तर मग बिल्ला कोणाचा, हे तुम्ही लोकांना काय सांगणार?” तो निरुत्तर झाला. पैशाची नड कोणालाही असते, म्हणून विकणाऱ्या बाईला मी नावे ठेवणार नाही. पण विकण्याआधी सगळे लिहून फोटो तरी काढून ठेवावा. पहिल्या महायुद्धाची पदके आता शंभर वर्षांवरची झाली. 1972 च्या कायद्याने इतक्या जुन्या ऐतिहासिक वस्तू खाजगी माणसाला परदेशी पाठविता येत नाहीत.

आता घरच्या कामाच्या चार गोष्टी. दिवाळीत तांब्या-पितळेबरोबर पदक चिंचेने किंवा राखेने घासू नका. त्या जुन्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण असते, ती अक्षरे झिजतात. मळलेली फीत कापून टाकू नका. पत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, धुतलेल्या सुती कापडात ठेवा. फोटोच्या मागे नावे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. आणि ट्रंकेत जुनी काडतुसे किंवा बॉम्बगोळा दिसला तर हात न लावता पोलिसांना कळवा.

भगिनींनो, आपण राहतो ती जागा कोणती? 1857 साली इथल्या छावणीतल्या घोडदळाच्या शिपायांनी बंड केले, आणि त्यांना काळा चबुतरा येथे मृत्युदंड दिला गेला. तोच आजचा क्रांती चौक. त्यांना कोण बिल्ला देणार होते? त्यांच्यापैकी एखाद्याच्या आईने सांगितलेली गोष्ट कोणी लिहून ठेवली असती, तर आज आपण ती किती आदराने वाचली असती!

म्हणून माझी विनंती आहे. या वर्षी मंडळाने एक जाड वही घालावी. ज्यांच्या माहेरी वा सासरी कोणी फौजेत होते, त्यांनी वस्तू कोणती, कोणाची आणि तिची हकिगत काय, एवढे लिहून द्यावे. लिहिता येत नसेल त्यांनी मला बोलवावे, मी दुपारी घरी येऊन लिहून घेईन. ज्या म्हाताऱ्या माणसांना आठवते आहे, त्यांच्याकडे आधी जाऊ या.