भांडण निराळे, मार निराळा



मी सातवी शिकलेली बाई. मोठे विचार माझ्यापाशी नाहीत. पण माझी दोन व जावेची तीन मुले एका घरात वाढली, तेव्हा त्याच विषयावर चार शब्द बोलते.

“भावंडे म्हटली की भांडायचीच,” असे आपण सहज म्हणतो. लहानग्यांनी खेळण्यासाठी ओढाताण केली तर ते खरेही आहे. पण पंधरा वर्षांचा मुलगा बहिणीचे केस ओढतो, वह्या फाडतो, आणि तो घरात शिरताच ती दुसऱ्या खोलीत जाते, त्याला भांडण म्हणू नये. भांडणात दोघे बोलतात. एक मारतो व दुसरा भितो, तो मारच.

इंग्लंडमध्ये सुमारे ७ हजार मुलांना बाराव्या वर्षी याविषयी विचारले होते. ज्यांना आठवड्यातून अनेकदा भावंडांचा जाच होता, त्यांच्यात अठराव्या वर्षी उदासीचा आजार सुमारे दुप्पट आढळला. ही पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. तेव्हा “मोठी झाली की विसरतील” हे म्हणणे खरे नव्हे.

हा उगारलेला हात येतो कुठून? चहा गार झाला म्हणून वडील आईवर ओरडतात, ते मुलगा पाहतो. “ताईचे मार्क बघ,” हे धाकटा रोज घासाबरोबर गिळतो. बहिणीने भावाचे ताट उचलायचे, त्याने बसून राहायचे, मग तिच्यावर आपली सत्ता आहे असे त्याला वाटणारच. घरातला राग वरून खाली उतरत जातो, आणि ज्याला खाली कोणी नाही त्याच्या पाठीत बसतो.

म्हणून हात उठला की आधी दोघांना दूर करावे, निवाडा मागाहून. राग शमल्यावर प्रत्येकाचे एकट्याने ऐकावे. “तू मोठी, तूच सोड,” असे दर वेळी म्हणू नये. मारणाऱ्याला आपण मारले, तर तो मारणेच शिकेल.

ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवांची समजूत धाकट्या मुक्ताईने घातली, ही कथा आपण जाणतोच. धाकटीने बोलावे आणि थोरल्याने ऐकावे, अशी रीत घरी पाडावी.

एवढ्यानेही मार थांबला नाही, तर शिक्षकांशी, डॉक्टरांशी बोलावे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी आहे. घराची अब्रू जाईल म्हणून गप्प राहू नये. पोर घरातच भिऊन वावरत असेल, तर ती अब्रू काय कामाची?