दहा वर्षांची वीज आणि आपली हरकत
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)



विजेचा विषय निघाला की आपल्या बैठकीत दोनच गोष्टी पुढे येतात, वाढलेलं बिल आणि गेलेली लाइट. दोन्ही खऱ्या आहेत. पण बिल हातात पडतं तेव्हा त्यातलं बहुतेक सगळं आधीच ठरून गेलेलं असतं. वीज कुठून घ्यायची, किती वर्षांच्या करारानं, कुणाच्या जमिनीवर, आणि दिवसाच्या कुठल्या वेळी ती स्वस्त पडणार. मला आज त्या आधीच्या ठरवण्याबद्दल बोलायचं आहे, कारण तिथे आपण नसतो.

लोकांना न विचारता ठरवणं म्हणजे काय, ते गुहागरच्या बायकांना विचारा. एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प १९९२ मध्ये निविदा न मागवता, बोलणी करून पुढे आला. १९९३ मध्ये हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही असं म्हणून जागतिक बँकेनं पैसे द्यायचं नाकारलं. तरी त्याच वर्षी डिसेंबरात वीज मंडळानं करारावर सह्या केल्या. ज्यांनी पैसे भरायचे त्यांना तो करार वाचायलाही मिळाला नाही. ३ जून १९९७ च्या पहाटे पोलिस वेलदूरच्या कोळीवाड्यात शिरले. पुरुष मासेमारीला गेलेले. बायकांना घरांतून ओढून काढलं, मारलं, गाड्यांत घातलं. ह्यूमन राइट्स वॉचच्या १९९९ च्या अहवालात हे सगळं नोंदलेलं आहे. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. महाग विजेचा हिशेब पुढे सगळ्या राज्यानं भरला, पण लाठ्या आधी वेलदूरच्या बायकांनी खाल्ल्या.

त्याच गदारोळाच्या काळात, १९९९ मध्ये, राज्यात वीज नियामक आयोग आला. आयोगापुढच्या पहिल्याच दरवाढीच्या सुनावण्यांत काय झालं, ते सांगण्यासारखं आहे. वीज मंडळ वर्षानुवर्षं सांगत होतं की आपली गळती पंधरा-सतरा टक्के. बाकीची वीज शेतीपंप खातात! पंपांना मीटर नव्हते, म्हणजे शेतकऱ्याच्या नावावर कितीही युनिट दाखवा, विचारणार कोण? पण सुनावणीत लोकांनी आकडे मागितले, अभ्यासकांनी उलटतपासणी केली, आणि गळती तीस टक्क्यांच्या वर निघाली. त्यात चोरी आली, आणि चोरीकडे डोळेझाकही आली. कुणी मोर्चा काढला नव्हता. लेखी हरकती होत्या आणि प्रश्न विचारणारी माणसं होती.

मात्र तिथे कोण होतं तेही पाहू. सुरुवातीला आयोगानं ग्राहकांचे अधिकृत प्रतिनिधी म्हणून ज्यांना मान्यता दिली त्यांत मुंबई ग्राहक पंचायत होती, पुण्याची प्रयास होती, आणि ठाणे-बेलापूर व विदर्भातल्या उद्योजकांच्या संघटना होत्या. पहिल्या दोघींनी फार मोलाचं काम केलं आहे, ते मी मानते. पण शेतमजुरांची, बायकांची संघटना त्या यादीत नव्हती. आपणही कधी मागणी केली नाही.

आता चित्र बदललं आहे. २०२४ मध्ये आयोगानं नियम केले. त्यांनुसार पुढच्या दहा वर्षांत किती वीज लागेल आणि ती कुठून आणायची याचा आराखडा वितरण कंपन्यांनी करून आयोगापुढे ठेवायचा आहे. केंद्रानं आधीच ठरवून दिलंय की २०२९-३० पर्यंत विजेचा ४३ टक्क्यांहून थोडा जास्त वाटा सूर्य, वारा, पाणी अशा स्रोतांतून आला पाहिजे. कोळशाचा धूर कमी व्हावा हे चंद्रपूरच्या बाईला मी काय सांगणार! माझा विरोध स्वच्छ विजेला नाही. ती कशी आणि कुणाच्या जिवावर यावी, हे विचारायचं आहे.

सूर्याची वीज दिवसा येते. म्हणून २०२३ मध्ये केंद्रानं नियम केला की उन्हाच्या तासांत दर निदान २० टक्क्यांनी कमी ठेवावा आणि मागणी जास्त असेल त्या वेळी वाढवावा. कागदावर अगदी रास्त. पण दिवसा घरात कोण असतं? धुणीभांडी करणारी, बांधकामावर जाणारी बाई संध्याकाळी घरी येते, तेव्हा तिची मोटर, मिक्सर, इस्त्री, मुलांचा अभ्यास सुरू होतो. म्हणजे दुसरी पाळी तिची, आणि महाग युनिटही तिचंच. मागणीचा अंदाज बांधणाऱ्या तक्त्यात ‘घरगुती’ असा एकच रकाना असतो.

शेतीला दिवसा वीज ही तर आपलीही मागणी होती. रात्री दारं धरायला गेलेला माणूस सापावर पाय देतो, जुन्नरकडे बिबट्या असतो, आणि घरी बाई जागी असते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. चांगलं झालं. पण जिथे वीज दिवसा आली तिथे पाणी धरण्याचं काम हळूहळू बाईकडे सरकताना मी पाहते आहे. रात्रीचं काम पुरुषाचं, दिवसाचं काम ‘तू आहेसच की शेतात’. याचा हिशेब कुणी मांडला नाही, तो आपल्यालाच मांडावा लागेल.

आणि जमीन. या योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाचं भाडं आहे, दरवर्षी तीन टक्के वाढ. ते जातं सातबाऱ्यावर नाव असेल त्याला. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशात शंभर खातेदारांत बायका चौदा. नवऱ्यानं जमीन भाड्यानं दिली की शेतात राबणाऱ्या बायकोचं काम गेलं, आणि पैसे त्याच्या खात्यात.

सरकारी जमीन लागते तेव्हा बोट गायरानाकडे जातं. मराठवाड्यातल्या एका गावात आमच्या संघटनेच्या बायका गायरान कसतात, सगळ्या दलित, भूमिहीन. कुंपणाचे खांब येऊन पडले तेव्हा त्यांना कळलं की इथे सौर प्रकल्प होणार. ग्रामसभेत ठराव झालेला होता म्हणे. कुणी ऐकला? २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणं कायम करायची होती. ज्यांची फाइल तहसिलात पडून राहिली त्या कागदावर आजही अतिक्रमणदार. म्हणजे आराखड्याच्या नकाशात ती जमीन ‘पडीक, उपलब्ध’. तिथली बाजरी आणि शेळ्या नकाशात दिसत नाहीत.

कायद्यात जागा आहे. २००३ च्या वीज कायद्याचं कलम ६४ सांगतं की दर ठरवण्याआधी प्रस्ताव जाहीर करायचा आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घ्यायच्या. वर्तमानपत्रात जाहिरात येते, मराठीत बोलता येतं, वकील लागत नाही. दहा वर्षांच्या आराखड्यालाही अशीच सुनावणी हवी, आणि ती फक्त शहरांत नको, तालुक्याला हवी, बायकांना येता येईल अशा वेळी हवी. ही आपली पहिली मागणी. गायरानावर प्रकल्प ठरवण्याआधी तिथे कोण कसतं याची पाहणी आणि बायकांची वेगळी ग्रामसभा, ही दुसरी.

दुपारच्या गटचर्चेत प्रत्येक जिल्ह्यानं आपापल्या भागातली सौर प्रकल्पाखाली गेलेली किंवा मागितलेली गायरानं गट नंबरासकट लिहून काढा. किती घरं कसतात, कधीपासून, कागद काय आहेत. विजेची पावती, दंडाची पावती, काहीही चालेल. हरकतीचा मसुदा आपण त्यावरूनच करू.